कानावरचा खडू

त्या गुरुवारी मिस नायरी यांनी काहीएक न बोलता सालोतेची खुर्ची उचलली आणि शेजारच्या खोलीत नेऊन ठेवली. घडले ते एवढेच. सालोते आपली वही छातीशी धरून खुर्चीच्या मागोमाग गेली. आणि तिचा थोरला भाऊ सिओने, जो इतका वेळ दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभा होता, तो आत येऊन माझ्या शेजारी बसला. वर्गातील इतरांनी मान वर करूनही पाहिले नाही. मला मात्र राहवले नाही. मी त्याला हलक्या आवाजात विचारले, "भांडण झालं का तुमचं?" सिओने हसला. तो हसला की त्याच्या खाली खुर्ची करकरते, एवढा त्याचा देह. "भांडण कसलं, पुरू? ती माझी बहीण आहे," तो म्हणाला, जणू या वाक्यात सर्व उत्तर आले. माझा चेहरा पाहून मिस नायरी जवळ आल्या व त्यांनी मला समजावून सांगितले की टोंगा बेटांवर भाऊ-बहीण वयात आले म्हणजे एका खोलीत बसत नाहीत, बहिणीचा मान भावाहून मोठा असतो, तिच्यापुढे थट्टा नाही, वेडेवाकडे बोलणे नाही. "आणि आज फळ्यावर सिओनेची पाळी आहे. तो चुकणार. चुकायलाच तर आलाय तो इथे," त्या म्हणाल्या, "पण भावाची चूक बहिणीसमोर काढायची नसते. म्हणून मी खुर्ची हलवते. माणसांना काही सांगावं लागत नाही." त्या पुढे गेल्या, फळ्यावर लिहू लागल्या. मी वहीत तारीख घातली. तथापि माझा डावा कान तापू लागला होता. प्रथम मला वाटले, खिडकीतून ऊन येत आहे. मी खुर्ची सरकवली. कान तापतच राहिला.

मी मूळचा भोरचा. नाव पुरुषोत्तम, येथे त्याचे पुरू झाले आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. नववीत शाळा सुटली. त्यानंतर तीस वर्षे भोरच्याच एका पतसंस्थेत मी शिपाई होतो. संस्थेच्या माडीवर सार्वजनिक वाचनालय होते आणि त्याच्या किल्ल्या मजकडे असत, त्यामुळे दुपारच्या निवांत वेळी मी पुष्कळ ग्रंथ वाचले. माझी जी काही भाषा आहे ती त्या कपाटांतून आलेली आहे, शाळेतून आलेली नाही. विवाह केला नाही. आई गेल्यावर घरात मी आणि रेडिओ असे दोघेच उरलो. माझी धाकटी बहीण संध्या, जी पुण्यास इंजिनिअर होऊन अमेरिकेस आली होती, तिने मला येथे आणण्यासाठी अर्ज केला. तो मंजूर होण्यास तेरा वर्षे लागली. मी प्लेनोला तिच्या घरी येऊन पोहोचलो तेव्हा पन्नाशी गाठली होती. प्लेनो हे टेक्सासमधील मोठ्या घरांचे गाव. रस्ते एवढे रुंद की पलीकडचा मनुष्य ओळखू येत नाही, आणि पलीकडे मनुष्य नसतोच, मोटारी असतात. मला मोटार चालवता येत नाही. मी सकाळी रेल्वेने विमानतळावर जातो. तेथे एका मोठ्या स्वयंपाकघरात विमानांतील प्रवाशांचे ट्रे भरण्याचे काम मला मिळाले. ट्रे पुढे नेणाऱ्या आमच्या सरकत्या पट्ट्यावर निम्मे लोक टोंगाचे. पट्ट्याचा प्रमुख व्हायचे तर शाळा पूर्ण केल्याचा दाखला लागतो, असे कळले तेव्हा माझ्या शेजारी ट्रे भरणारा सिओने म्हणाला, "मलाही लागतो. चल. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी चार वाजता वर्ग असतो. पोटभर खायलाही मिळतं." अशा रीतीने मी त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा शाळेत गेलो. घरी सांगितले की गुरुवारी काम लांबते. संध्याचे यजमान श्रीराम म्हणाले, "दादा, ओव्हरटाइम? या वयात? मजा आहे तुमची!" संध्या काही म्हणाली नाही. ती मला कधीच काही म्हणत नाही.

त्या वर्गाची रीत मी पूर्वी कोठेही पाहिलेली नव्हती. मिस नायरी या मूळच्या न्यूझीलंडच्या माओरी, नवरा टोंगाचा, आणि वर्ग चालवणाऱ्या कॉलेजने दिलेले पुस्तक त्या उघडत असत, पण जरा उशिराच. आधी सर्वांनी गोल बसायचे. मग गाणे. मग खाणे. जेवणाच्या टेबलावर कोणी बसायचे नाही, कारण अन्नाची जागा वेगळी आणि बसायची जागा वेगळी. कोणी कोणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, प्रेमानेसुद्धा नाही, कारण डोके पवित्र. पहिल्या दिवशी मी अर्ज, क्रमांक, सही अशा तयारीने गेलो होतो. त्यांनी मला विचारले, "तुझा डोंगर कोणता?" मी चपापलो. मग म्हणालो, "रोहिडा." "तुझं पाणी?" मी म्हणालो, "नीरा." ही दोन नावे त्या हॉलमध्ये उच्चारली गेली तेव्हा मला असे वाटले की कोणीतरी मागून येऊन माझ्या पाठीला उशी लावली. "आणि तुझी माणसं कोण?" या प्रश्नापाशी मी अडखळलो. मिस नायरी थांबल्या. त्यांना थांबता येते. मग म्हणाल्या, "शेवटच्या गुरुवारी सांगितलंस तरी चालेल." शेवटचा गुरुवार म्हणजे परीक्षेआधीचा. त्या दिवशी प्रत्येकाने उभे राहून आपला डोंगर, आपले पाणी आणि आपली माणसे सांगायची, स्वतः रचलेले एक गणित फळ्यावर सोडवायचे; आणि प्रत्येकाच्या शेजारी एक खुर्ची ठेवलेली असते, तिच्यावर त्याचे एक माणूस बसते. बोलणे संपले की त्या माणसाने उठून गायचे. काहीही गायचे. मग सगळे सूर मिळवतात. "बोलणं उघडं ठेवायचं नसतं," मिस नायरी म्हणाल्या, "त्याच्यावर गाणं पांघरायचं असतं." मी वहीत तसेच लिहून घेतले. त्याखाली लिहिले : खुर्ची. आणि त्यापुढे काही लिहिले नाही.

परंतु मी कानाविषयी सांगत होतो. सिओने फळ्याशी उभा होता. गणित मिस नायरींनीच घातलेले होते : सहा बायका एक चटई बारा दिवसांत विणतात, तर नऊ बायका तीच चटई किती दिवसांत विणतील? सिओने खडू हातात घेऊन घामाघूम झाला. त्याने लिहिले, अठरा. वर्गातील बायका खदखदून हसल्या. म्हातारी आना ओरडली, "अरे, जास्त बायका आल्या तर चटई लवकर होते का उशिरा?" सिओने म्हणाला, "आना, तुम्ही नऊजणी असाल तर गप्पांमुळे अठराच लागतील!" आणि स्वतःही हसला. भिंतीपलीकडे सालोते होती. तिला हसणे ऐकू गेले असेल, चूक दिसली नाही. मला मात्र तो अठरा फळ्यावर दिसत राहिला, आणि त्याच्या पाठीमागून दुसरा एक फळा वर येऊ लागला, काळा नव्हे तर राखाडी झालेला, उजव्या कोपऱ्यात पोपडा निघालेला. बारा मजूर एक काम अठरा दिवसांत करतात, तर नऊ मजूर तेच काम किती दिवसांत करतील? मी नववीत होतो. मजूर कमी झाले म्हणून मी दिवसही कमी केले. साडेतेरा लिहिले. त्यापुढे मी एक ठिपकाही दिला होता, पूर्णविरामासारखा, इतकी माझी खात्री होती. गणिताचे मास्तर खुर्चीवरून न उठता म्हणाले, "जा रे कोणीतरी, सहावीतून याच्या बहिणीला बोलावून आणा." संध्या आली. दोन वेण्या, लाल रिबिनी, गुडघ्यावर वाळलेल्या जखमेची खपली. तिने फळ्याकडे पाहिले. ती मनात हिशेब करते तेव्हा तिचे ओठ हलतात, तेव्हाही हलले. तिने माझ्या हातातून खडू घेतला, माझ्याकडे न पाहता, आणि चोवीस लिहिले. वर्ग शांत होता, हसण्याची वेळ अजून यायची होती. मास्तर म्हणाले, "शाब्बास. आता दादाचा कान धर आणि त्याला घेऊन एक फेरी मार." संध्या जागच्या जागी उभी राहिली. मास्तरांनी छडीने टेबलावर टकटक केले. तिने हात वर केला. तो पुरेना. मी नववीत, शिवाय उंच होतो, ती सहावीतली आणि चणीने लहान. मग जे झाले ते एवढे सोपे होते की पुढे कित्येक वर्षे मला त्याचाच विस्मय वाटत राहिला : मी वाकलो. तिचा हात पुरावा म्हणून मी स्वतःच मान खाली घातली, गुडघे किंचित मोडले, जसे पाणी पिताना बैल मोडतात. तिच्या बोटांवर खडू होता. आम्ही बाकांभोवती एक फेरी मारली. मला वर्गाचे हसणे आठवत नाही. तिचा श्वास आठवतो, तो नाकातून येत होता, धावून आल्यासारखा. संध्याकाळी आई म्हणाली, "कानाला काय लागलंय रे पांढरं?" मी म्हणालो, "चुना." दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या वाटेने निघालो आणि नदीवर जाऊन बसलो, तिसऱ्या दिवशीही, आणि मग शाळा सुटली असे सर्वांनी समजून घेतले. संध्याने व मी त्या गोष्टीविषयी आजतागायत एक अक्षर उच्चारलेले नाही. एकोणचाळीस वर्षे.

असे नव्हे की आमच्यात बोलणे नाही. "दादा, जेवलास?" "दादा, थर्मोस्टॅट अ‍ॅडजस्ट केला रे, थंडी वाजेल तुला." ती माझ्या खोलीत टॉवेल बदलून ठेवते, माझ्या गोळ्यांच्या डबीवर वार लिहून ठेवते. तथापि तिने माझी चूक कधी काढलेली नाही. येथे आल्यानंतर पहिल्या महिन्यात मी भांडी धुण्याच्या यंत्रात हात धुण्याचा साबण ओतला आणि सगळ्या स्वयंपाकघरात फेस झाला, घोट्याएवढा. माझी भाची अनिका दारात उभी राहून "ओ माय गॉड, मामा!" म्हणत हसत होती, मलाही हसू येऊ लागले होते, पण संध्या आली, गुडघ्यांवर बसली आणि जुन्या चादरींनी सर्व पुसून घेतले, आणि श्रीराम आले तेव्हा म्हणाली, "मशीन बिघडलंय वाटतं." एकदा मी उलट दिशेच्या गाडीत बसलो आणि दोन तास उशिरा घरी आलो, ती म्हणाली, "हल्ली ट्रेन्सचा काही भरवसाच नाही." प्रारंभी मला हे सुखाचे वाटे. पुढे त्याचा त्रास होऊ लागला. ज्याला कोणी रागावत नाही तो त्या घरात पाहुणा असतो. वाटे, की मी तिच्या लेखी इतका दूर गेलेलो आहे की माझी चूकसुद्धा तिला आपली वाटत नाही. आणि मंडळाच्या कार्यक्रमात ती माझी ओळख करून देते, "हा माझा दादा. को-ऑपरेटिव्ह बँकेत होता." एकदा एका काकांनी विचारले, "कुठल्या पोस्टवर होतात?" मी उत्तर देणार तोच तिने म्हटले, "अकाउंट्समध्ये. काका, तुम्ही कोशिंबीर घेतलीच नाही!" मी ताटातील कोशिंबिरीकडे पाहत राहिलो. शिपाई हा शब्द माझ्या तोंडात तयार होता, तो गिळताना डाळिंबाच्या दाण्यासारखा लागला. तिने तो माझ्यासाठी लपवला की स्वतःसाठी, हे मला ठरवता आले नाही. रात्रंदिवस एका छपराखाली राहून माणसाला एवढेही ठरवता येऊ नये, याला काय म्हणावे?

सिओनेच्या त्या अठराच्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी झाली. दाखला नव्हे, तो मिळाला तर मिळाला. मला हवे होते की शेवटच्या गुरुवारी माझ्या शेजारच्या खुर्चीवर संध्या बसलेली असावी, मी फळ्याशी उभा असावे आणि गणित बरोबर यावे. हे इतके बालिश होते की मी ते वहीतही लिहिले नाही. रेल्वेत बसून मी वाक्ये जुळवीत असे : संध्या, मजकडे तुझ्यासाठी एक निमंत्रण आहे. संध्या, गुरुवारी मी कामावर नसतो. प्रत्येक वाक्य घराच्या दारापाशी येईपर्यंत शिळे होई. असे सहा गुरुवार गेले. सातव्या गुरुवारी सालोतेने शेजारच्या खोलीतून माझ्याकडे एक पिशवी पाठवली. तिच्या परसातील अळूची पाने. त्यांच्याकडे नारळाच्या दुधात पाने गुंडाळून भाजतात. मी त्यांना पहिल्यांदा ते खाताना सांगितले होते की हे आमच्याकडेही असते, फदफदे म्हणतात, आणि तो शब्द त्या बायकांना इतका आवडला की आना आता मला पाहिले की लांबूनच "फदफदे!" अशी हाक मारते. पाने मोठी होती, हत्तीच्या कानाएवढी, काळ्या देठांची. मी ती घरी नेऊन ओट्यावर ठेवली. संध्या तेव्हाच कामावरून येऊन चपला काढत होती. तिने पान उचलून उजेडात धरले.

"दादा! ही कुठे मिळाली? इंडियन स्टोअरमध्ये तर नुसता कचरा येतो."

"सालोतेने दिली."

"कोण सालोते?"

मी म्हणालो, "माझ्या वर्गात आहे. म्हणजे माझ्या नाही. शेजारच्या खोलीत बसते." आणि एवढे बोलून झाल्यावर परत फिरण्यास वाट नव्हती. संध्याने बेसन काढले, चिंच भिजत घातली. ती पाने उलटी करून शिरा लाटण्याने सपाट करीत होती आणि मी तिला सांगत होतो : चर्चचा हॉल, तेथे नेणारा सिओनेचा ट्रक, गोल बसणे, रोहिडा, नीरा. रोहिड्याचे नाव ऐकून ती हसली. "मला सांगायचंस तरी. मी सोडलं असतं ड्राइव्ह करून. सिओनेच्या ट्रकमध्ये कशाला लटकत जातोस?" मग मी तिला सालोतेची खुर्ची सांगितली. का हलवली, तेही सांगितले, मिस नायरींच्या शब्दांत, कारण माझ्याजवळ त्याहून चांगले शब्द नव्हते. संध्या पानावर पीठ माखत होती. तिचा हात थांबला नाही. फक्त एकाच पानावर ती पुन्हा पुन्हा पीठ माखू लागली, थर जाड झाला, कडेने ओघळू लागला, आणि तिचे तिकडे लक्ष नव्हते.

"आठ दिवसांनी शेवटचा गुरुवार आहे," मी म्हणालो. "चार वाजता. आपलं एक माणूस न्यायचं असतं. बसायचं, आणि शेवटी काहीतरी गायचं. दोन ओळी म्हटल्या तरी चालतात."

"गुरुवारी?" ती म्हणाली. "गुरुवारी सॉफ्टवेअरचा रिलीज आहे रे माझा. मीटिंगवर मीटिंग. यावेळी पोस्टपोन पण करता येणार नाही." मग, पान गुंडाळताना, माझ्याकडे न पाहता, "फळ्यावर पण जायचं असतं का?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो. आपलं आपण गणित घालायचं."

ती "हं" म्हणाली. वड्यांचे उंडे चाळणीत ठेवून तिने झाकण लावले आणि हात धुण्यास गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. त्या दिवशीच्या अळूवड्या फार उत्तम झाल्या होत्या. श्रीराम म्हणाले, "दादा, तुमची ती सालोते कोण असेल ती असो, तिला माझा नमस्कार सांगा." अनिकाने सहा खाल्ल्या. संध्याने मला विचारले नाही की मी काय घोटाळे केले, का लपवले, या वयात हे कशासाठी. मी वाट पाहत होतो. एकदा जरी ती म्हणाली असती, 'दादा, खोटं का बोललास?' तरी माझे जेवण झाले असते.

शेवटच्या गुरुवारी हॉलमध्ये सर्वांनी कमरेला विणलेल्या चटया गुंडाळल्या होत्या, त्यांच्या मानाच्या प्रसंगी तशी पद्धत आहे. मी संध्याने दिवाळीस घेतलेला झब्बा घातला होता. भिंतीशी खुर्च्यांच्या जोड्या मांडलेल्या. सिओनेच्या शेजारी त्याची बायको, तिच्या मांडीवर मूल. सालोते तिच्या खोलीत, तिच्या शेजारी तिची आत्या. आनाच्या खुर्चीभोवती अकरा नातवंडे, त्यांतील तिघे खुर्चीवर चढलेले. माझ्या शेजारची खुर्ची पिवळ्या प्लॅस्टिकची होती. पार्किंगच्या बाजूला काचेचे दार आहे, त्यातून येणारे ऊन तिच्यावर पडले होते आणि पाठीवरचा ओरखडा दिसत होता. चार वाजले, साडेचार वाजले. प्रत्येक वेळी काचेबाहेर मोटारीचे टप चमकले की मी मान वळवी. मग मी ते बंद केले. मिस नायरींनी माझे नाव घेतले. मी उठलो. "माझा डोंगर रोहिडा," मी मराठीत म्हणालो, कारण तशी मुभा होती, "माझे पाणी नीरा. माझे वडील रामचंद्र, आई यमुना. मी तीस वर्षे एका पतसंस्थेत शिपाई होतो." हे वाक्य कोणालाही समजले नाही, आणि तरी ते उघड्यावर बोलल्यावर माझे खांदे खाली आले. "माझी बहीण संध्या," मी म्हणालो, आणि खुर्चीकडे हात केला, जसा इतरांनी केला होता. सर्वांनी खुर्चीकडे पाहिले. मग मी फळ्याशी गेलो. गणित लिहिले : चार माणसे तीनशे ट्रे अडीच तासांत भरतात, तर पाच माणसे तेवढेच ट्रे किती वेळात भरतील? खडू नवा होता, त्याचा आवाज आला. माझ्या मानेवर ऊन होते. मी हळूहळू एकेक पायरी लिहिली, माणसे वाढली म्हणजे वेळ घटतो हे शब्दांत लिहिले, आणि शेवटी उत्तर लिहून त्यापुढे ठिपका दिला. "करेक्ट," मिस नायरी म्हणाल्या. सिओनेने बाकावर मूठ आपटली. मी वळलो, माझ्या जागी येऊन उभा राहिलो. आता गाण्याची वेळ होती. हॉल शांत झाला. लहान मुलेसुद्धा. पिवळी खुर्ची जशी होती तशी होती. ती शांतता वाढली तेव्हा म्हातारी आना खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागली, तिने श्वास भरून घेतलेला मला दिसला; ती माझ्यासाठी गाणार होती, आणि तिच्यामागून सगळे गाणार होते, कारण ती माणसे तशी आहेत. मी हात वर केला. नको, असा. का केला, हे मला त्या क्षणी सांगता आले नसते. ती जागा कोणाची तरी होती. दुसऱ्याने भरली असती तर मला ती आयुष्यभर भरलेलीच दिसली असती. आना माझ्याकडे पाहत राहिली, मग खाली बसली. माझे बोलणे उघडेच राहिले. मीही बसलो. पुढचे नाव घेतले गेले.

सहाच्या सुमारास मी बाहेर पडलो. सिओने म्हणाला, "थांब, ट्रक आणतो." काचेच्या दारासमोर, पहिल्याच ओळीत, संध्याची करडी मोटार उभी होती. इंजिन चालू होते. ती चाकावर दोन्ही हात ठेवून बसली होती, गळ्यात ऑफिसचे ओळखपत्र तसेच. मी दार उघडून आत बसलो. आत थंड होते, पुष्कळ वेळ यंत्र चालू असल्यासारखे.

"रिलीज?" मी विचारले.

"कॅन्सल केला. म्हणजे, यशला सांगितलं सांभाळायला." यश तिच्या हाताखालचा.

"मग आत का नाही आलीस?"

"पार्किंगच मिळत नव्हतं." आजूबाजूस वीस जागा रिकाम्या होत्या. तिलाही त्या दिसत असाव्यात. काही वेळाने ती म्हणाली, "आले होते दारापर्यंत. तू फळ्याशी चालला होतास. काचेतून दिसत होतं." तिने चाकावरची बोटे उघडली, मिटली. "माझ्यासमोर चुकलं असतं तर, दादा?"

सिओनेचा ट्रक आला, त्याने आत डोकावून पाहिले, मोटारीत कोण आहे ते त्याला कळले, आणि त्याने लगेच मान दुसरीकडे फिरवली, आदराने, आणि हळूच निघून गेला.

"तू वाकला होतास," संध्या म्हणाली. "माझा हात पुरत नव्हता. मला वाटलं, नाही पुरत म्हटल्यावर सोडतील आपल्याला. आणि तू वाकलास."

"छडी होती त्यांच्या हातात," मी म्हणालो. "तुला बसली असती."

तिने मान हलवली, होकार की नकार ते कळले नाही. मोटार पार्किंगमधून बाहेर काढली. आम्ही हायवेला लागलो. समोरून विमानतळाकडे एक विमान उतरत होते, पोट दिसण्याइतके खाली. त्याच्या परतीच्या फेरीचे ट्रे आमच्याच पट्ट्यावर भरलेले असतील, असा एक विचार मनात येऊन गेला.

"गाणं कोणी म्हटलं?" तिने विचारले.

"कोणी नाही. राहू दिलं."

"मला गाता कुठे येतं."

"माहीत आहे मला. आईसुद्धा कान झाकायची."

ती हसली, नाकातून, आणि डोळे पुसण्यासाठी एक हात चाकावरून काढला. मग पुष्कळ अंतर गेल्यावर म्हणाली, "काय घातलं होतंस गणित?"

मी सांगितले. चार माणसे, तीनशे ट्रे, अडीच तास, आणि आता पाच माणसे. तिचे ओठ हलू लागले. मी खिडकीबाहेर पाहिले. तेवढ्यात ती म्हणाली, "नाही. नाही करत मी. तू सांग."

"दोन तास," मी म्हणालो.

"बरोबर असेल," संध्या म्हणाली. मी तिच्याकडे वळून पाहिले. पुढे लांबच लांब रस्ता होता, तिची नजर त्यावर होती, आणि तिचे ओठ मिटलेले होते.